आठवाला, चारवाला आणि इंगळे मॅडम

बुलढाण्याला रेल्वे नाही. त्यामुळे माझ्या दुकानातला प्रत्येक प्रोसेसर शेवटचा टप्पा एसटीनेच आला, आणि त्यातले निम्मे तरी माझ्या मांडीवर बसून आले. मुंबईच्या जुन्या मालाच्या बाजारात दिवसभर पाय तुटेस्तोवर फिरायचं, मलकापूरला गाडीतून उतरायचं आणि मोताळ्यावरून राजूरचा घाट चढणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा धरायची. प्रोसेसर ठेवायला माझ्याकडे तीन पुडांचा स्टीलचा डबा होता. खालच्या पुडात भाकरी आणि ठेचा, वरच्या दोन पुडांत कागदात गुंडाळलेला माल. एकदा घाटात बस बंद पडली. शेजारचे गृहस्थ माझ्या डब्याकडे बराच वेळ पाहत होते. शेवटी राहवलं नाही तेव्हा म्हणाले, "भाऊ, डब्यात लोनचं-बिनचं असन त काढा, माह्यापाशी पोया हायेत." मी वरचं पूड उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी एक प्रोसेसर उचलला, उजेडात धरून पाठीमागचे सोनेरी ठिपके न्याहाळले आणि अत्यंत काळजीने विचारलं, "हे खाऊन राह्यले का तुम्ही?"

असे माझे तीस वर्षांचे दिवस. या अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवून धंद्यातले अनुभव लिहायला सांगितलेत, आणि खाली बारीक अक्षरात बजावलंय की तांत्रिक भाषा टाळावी. टाळतो. पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो आहे, ती समजायला दोनतीन शब्द तरी लागतील.

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. काडेपेटीहून थोडा मोठा, चौकोनी, चपटा तुकडा. घरच्या कॉम्प्युटरला एक माणूस वापरतो. सर्व्हर नावाच्या मोठ्या मशीनला एकाच वेळी पुष्कळ माणसं वापरतात, म्हणून त्याचा प्रोसेसर दणकट असतो, वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालायला बनवलेला. शहरातल्या मोठ्या कंपन्या चारपाच वर्षं वापरून नवीन घेतात आणि जुना भंगारात काढतात. त्या जुन्यात अजून पुष्कळ जीव शिल्लक असतो. त्या शिल्लक जिवावर माझं दुकान चाललं. आता प्रोसेसरच्या आत कोअर असतात. कोअर म्हणजे काम करणारे हात समजा. कुणाला चार, कुणाला आठ. कुणाचे हात थोडे पण चपळ, कुणाचे पुष्कळ पण संथ. दोन जुन्या प्रोसेसरांत कुठला घ्यावा, हा प्रश्न शेवटी इथेच येऊन थांबतो, आणि त्याचं उत्तर तुमचं काम काय आहे यावर असतं. एवढं समजलं की झालं तुमचं शिक्षण.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. आत दोन लाकडी बाकं. तेव्हा दुरुस्तीला आलेला माणूस मशीन ठेवून निघून जात नसे. बसे. मी पेच उघडत असे आणि तो आपल्या पोराचं लग्न, विहिरीचं पाणी, तहसीलमधला खोळंबा असं सगळं उघडत असे. एक वकीलसाहेब दर महिन्याला नुसता पडदा घेऊन यायचे. "साहेब, डब्बा कुठी हाये?" म्हटलं की म्हणायचे, "डब्बा चांगला हाये हो, दिसत त इथंच नाही." एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याने कळफलक मळला म्हणून धुण्याच्या पावडरीत भिजवला, स्वच्छ चोळला आणि गच्चीवर सोयाबीनशेजारी वाळत घातला. मी त्याला भरपूर बोललो. मग जोडून पाहिला तर कळफलक ठणठणीत चालला. त्यानंतर तो व्यापारी मला आयुष्यभर सांगत राहिला की तुमच्या धंद्यात काही दम नाही. त्या दोन बाकांची मला आज फार आठवण येते. आता सगळ्यांचं काम हातातल्या फोनवर होतं आणि बाकावर बसायला कुणाला वेळ नसतो.

खंडेनवमीला मात्र दुकान भरायचं. आमच्याकडे त्या दिवशी अवजारं पुजतात. शेतकरी वखर-डवरे धुतो, सुतार रंधा पुजतो, एसटीचा ड्रायव्हर स्टिअरिंगला हार घालतो. मी पेचकस, तारा जोडायची डागणी, मीटर सगळं पाटावर मांडायचो. दुकानात जे सगळ्यात मोठं मशीन उभं असेल त्याला झेंडूचा हार, बाकीच्यांना एकेक फूल. हळद-कुंकू, अक्षता, वर थोडं पाणी शिंपडायचं. मग मोठं मशीन देवापुढे पाच मिनिटं चालू करायचं आणि बंद करायचं, म्हणजे वर्षभर अडत नाही. आमच्या वडिलांचं पिठाच्या चक्कीचं दुकान होतं. तेही नवमीला चक्की रिकामी फिरवायचे. मी त्यांचंच पाहून शिकलो होतो.

आता इंगळे मॅडम.

सुनंदा इंगळे मोताळ्याच्या एका मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवत. तासिकेवर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार, आणि जूनमध्ये समितीच्या मनात आलं तर पुन्हा बोलावणं. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत वीस टेबलं होती, वीस पडदे होते आणि चालणारं मशीन एकही नव्हतं. शाळेचे अध्यक्ष दादासाहेब. त्यांनी सांगून टाकलं होतं की यंदा खोली सुरू झाली तर ठीक, नाहीतर "तांदूळ ठेवाले जागा पुरत नाही, ते खोली तांदळाले द्या." पोषण आहाराचा तांदूळ तेव्हा व्हरांड्यात असायचा. खोली गेली की विषय गेला, आणि विषय गेला की मॅडमचे तास गेले. त्यांच्यासाठी ही गोष्ट इतकी सरळ होती.

सात वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या. हातात वही. म्हणाल्या, वीस नवीन कॉम्प्युटर घेणं शाळेला जमणार नाही. पण एक जुना सर्व्हर घेतला आणि वीस पडदे त्याला जोडले तर? कल्पना उत्तम होती. असं करतात हे मला माहीत होतं, पण मोताळ्याहून कुणी ते स्वतः वाचून, आकृती काढून माझ्यापुढे मांडेल असं वाटलं नव्हतं.

माझ्याकडे तेव्हा दोन सर्व्हर उभे होते. एकात आठ कोअरचा प्रोसेसर, जुन्या पिढीचा, संथ चालीचा, वीज जास्त खाणारा. दुसऱ्यात चार कोअरचा, एक पिढी नवा, चालीला चांगला तेज. आठवाला आणि चारवाला, असंच मी त्यांना म्हणायचो. आठवाल्याला वीजबिलाच्या भीतीने गिऱ्हाईक मिळत नव्हतं, म्हणून तो स्वस्त होता. मी मॅडमना म्हटलं, "चारवाला घ्या. थोडे पैसे जास्त गेले त जाऊ द्या. आठवाला आता म्हातारा झाला."

मॅडमनी वही उघडली. दोन्ही प्रोसेसरांची सगळी माहिती त्यांनी समोरासमोर लिहून आणली होती. "भाऊ, चारवाला एका मानसाले चांगला हाये. माह्यापाशी वीस पोरी हायेत."

"पन त्याची चाल पाहा नं मॅडम."

"चाल घेऊन काय करू? माह्या पोरी काही मोठं काम करून नाही राह्यल्या. कोनी चित्र काढन, कोनी टाइप करन. कामं ल्हान, पन सगळे एकाच टायमाले. कापूस वेचाले चार चपळ बाया लावसान का आठ साध्या बाया लावसान?"

"ते बाया कशा हायेत त्याच्यावर हाये."

"मंग लावून पाहा दोन्ही," मॅडम म्हणाल्या. "उगी तोंडानं काऊन सांगता?"

मला राग आला होता, खरं सांगतो. तीस वर्षांपैकी तेवीस वर्षं तेव्हा झाली होती माझी. पेचकस हातात न धरलेली बाई मला प्रोसेसर शिकवते म्हणजे काय. आणि रागापेक्षाही वाईट म्हणजे, त्यांचं म्हणणं बरोबर असेल असं मला आतून वाटत होतं. मी दादासाहेबांना फोन करून सांगून टाकलं की मॅडमचा अंदाज चुकतोय, पण दोन्ही मशीनं आणून दाखवतो. दसऱ्यानंतर शाळा उघडली की पहिल्या दिवशी चाचणी ठरली.

त्या वर्षी खंडेनवमीला दुकानात हेच दोघं होते. दोन्ही स्वच्छ करून, प्रोसेसरला त्याची उष्णता ओढून घेणारी नवीन पेस्ट लावून मी तयार ठेवले होते. आठवाल्याची पुढची जाळी धुऊन वाळत घातली होती, म्हणून त्याचा पंखा उघडा होता. हार कुणाला घालावा असा प्रश्न पडला. वयाने मोठा आठवाला, म्हणून हार त्याला घातला. चारवाल्याच्या डोक्यावर एक फूल ठेवलं. पाणी शिंपडलं आणि रिवाजाप्रमाणे आठवाला देवापुढे चालू केला. सर्व्हर चालू होताना त्याचे पंखे पहिली काही सेकंदं पूर्ण जोराने फिरतात, घरघर असा आवाज होतो. दसरा झाल्यावर निर्माल्य काढलं तेव्हा हार थोडा बोडका वाटला. झेंडूच तो, गळतो. जाळी बसवली आणि दोन्ही मशीनं गाडीत घालून मोताळ्याला निघालो.

चाचणीला खोली गच्च भरली होती. वीस मुली टेबलांवर, बाकीच्या खिडक्यांना लटकलेल्या. दादासाहेब, हेडमास्तर, समितीची माणसं, सगळे शिक्षक. मॅडमनी मुलींना काय काय करायचं ते फळ्यावर लिहून दिलं होतं. आधी चारवाला जोडला. मुली कामाला लागल्या. अधूनमधून पडदे अडखळत होते, एखादी मुलगी हात वर करत होती, पण गाडी चालली. अर्धा तास चालली.

मग आठवाला जोडला. पहिली सहासात मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. वीसच्या वीस पडदे लोण्यासारखे चालले. एकही हात वर नाही. मुली एकमेकींकडे बघून हसत होत्या. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मी नजर दुसरीकडे वळवली.

आणि मग एक पडदा थांबला. मग चार. मग सगळी खोलीच चिखलात रुतल्यासारखी झाली. एक अक्षर दाबलं की ते दिसायला श्वास दोनदा घ्यावा लागे. मुली कुजबुजू लागल्या.

"थकला की हो तुमचा म्हातारा," दादासाहेब म्हणाले. खोली हसली. मीही हसलो.

मॅडम पुढे आल्या. समितीसमोर त्या नेहमी पुस्तकी मराठी बोलत. "सर, सुरुवातीला तो उत्तम चालत होता. नंतरच मंद झाला. मशीन गरम तर होत नाही ना? एकदा उघडून पाहता येईल का?"

वाचकहो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणहून चाल कमी करतो. त्यालाही आपला जीव प्यारा असतो. आधी चांगला चालून मग मंदावणं ही तापण्याचीच खूण. माझ्या धंद्यातली ही पहिल्या वर्षाची गोष्ट, आणि ती मला एका शिक्षिकेने भर सभेत सांगितली. मशीनवर पुढे एक पिवळा दिवाही जळत होता. पण तो आधीपासूनच जळायचा, कारण त्या मशीनच्या दोन वीजपुरवठ्यांपैकी एक काढलेला होता, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नाही. पेचकस माझ्या खिशात होता. झाकण उघडायला दोन मिनिटं लागली असती.

मी म्हणालो, "मॅडम, मशीन म्या सोताच्या हातानं साफ केलं. पेस्ट नवीन लावली. त्याच्यात पाह्यासारखं काही नाही."

मॅडमनी मान हलवली आणि त्या पुन्हा भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

चहा आला. चहा पिताना दादासाहेब मोठ्याने म्हणाले, "ज्याईले दोन मशिनीतला फरक समजला नाही, ते पोरीईले काय शिकवतीन?" मॅडम चारपाच हातांवर मुलींच्या वह्या गोळा करत होत्या. त्यांना ऐकू गेलं. मी कपबशी हातात धरून बसलो होतो. काहीच बोललो नाही. न बोलण्याचाही एक अर्थ होतो, आणि तो त्या खोलीतल्या सगळ्यांना समजला.

चारवाला शाळेने घेतला. वीस मुली त्याला झेपेनात, म्हणून आठ पडद्यांवर कापड घातलं आणि बारांवर भागवलं. पुढच्या जूनमध्ये मॅडमना बोलावणं गेलं नाही. त्या दुसरबीडला सासरी निघून गेल्या असं मला कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं, तिकडे काहीतरी काम मिळेल. आठवाला मी दुकानाच्या माळ्यावर टाकला. मनातून उतरलेली वस्तू कोण पुन्हा हातात घेतो?

गेल्या उन्हाळ्यात मी दुकान बंद करायचं ठरवलं. गुडघे माळा चढू देत नाहीत, आणि माळ्यावर काय आहे हे विचारणारं गिऱ्हाईकही उरलं नाही. एकेक वस्तू खाली आणत होतो. जुन्या फ्लॉप्यांची खोकी, डब्याएवढे पडदे, तो तीन पुडांचा डबासुद्धा सापडला. प्रत्येक वस्तू हातात घेतली की तिच्याबरोबर आलेलं माणूस आठवायचं, त्यामुळे दोन दिवसांच्या कामाला दोन आठवडे लागले. शेवटी आठवाला खाली घेतला. भंगारात देण्याआधी आतली तांब्या-ॲल्युमिनियमची गार करायची जाळी काढून घ्यावी म्हणून झाकण उघडलं.

पंख्यामागे पातळ पत्र्यांच्या फटी असतात, त्यांतून वारा जाऊन प्रोसेसर गार राहतो. त्या फटी दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर काळपट तपकिरी रंगाचा एक जाड थर बसलेला होता, लोकरीच्या नमद्यासारखा. मला आधी वाटलं उंदराचं घर. नखाने खरवडलं तर एक पापुद्रा सुटून आला. झेंडूची पाकळी होती. पाण्याने भिजून चिकटलेल्या, उष्णतेने भाजून वाळलेल्या पाकळ्या, आणि त्यांच्यात दोन अक्षता.

मी तिथेच फरशीवर बसलो. पंख्याने हार ओढून घेतला होता. वयाचा मान म्हणून मीच घातलेला हार. मग उठून सगळं ब्रशने साफ केलं, मशीन जोडलं आणि वीस जणांचं काम एकदम लावून दिलं. सकाळी लावलेलं दिवेलागणीपर्यंत चाललं. एकदाही अडखळलं नाही. चारवाल्याने त्या दिवशी जे केलं होतं त्याहून कितीतरी सरस, आणि ते स्वस्तातल्या मशीनवर. मॅडमनी वहीत जे लिहून आणलं होतं ते अक्षरन् अक्षर तसंच होतं. मला लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आठ दिवसांनी एका ओळखीच्या मालवाहू गाडीत आठवाला ठेवला आणि चिखलीमार्गे दुसरबीड गाठलं. विचारत गेलो, तर मॅडमनी तिथे रस्त्यालगत दुकान टाकलेलं होतं. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, फोटो. तीन कॉम्प्युटर, तीन खुर्च्या. केस थोडे पांढरे झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि पाणी दिलं. मी पाणी न पिता सगळं एका दमात सांगून टाकलं.

"झेंडू?" त्या म्हणाल्या.

"हाव. झेंडू."

त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. फॉर्म भरायला आलेला एक म्हातारा काही न कळता त्यांच्याबरोबर हसला. मग त्या हसायच्या थांबल्या आणि काउंटरवरचे कागद सारखे करत राहिल्या. कागद सारखेच होते.

"भाऊ, म्या इचारलं होतं तुमाले."

"हाव."

"उघडून पाहा म्हनलं होतं."

"हाव मॅडम."

"मशीनच्या मांगं हात धरला होता म्या. भट्टीसारखी वाफ येऊन राह्यली होती."

मी विचारलं, "मंग जोर लावून काऊन नाही म्हनलं?" विचारल्याबरोबर कळलं की हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

मॅडम रागावल्या नाहीत. "तासिकेवरची बाई चार मानसाईत एकदाच इचारू शकते. दुसऱ्यांदा इचारलं असतं त लोक म्हनले असते, बाई भांडखोर हाये. पयल्यांदा तुम्ही आयकाले पायजे होतं."

गाडीत आठवाला आहे, तो तुमचाच समजा, असं मी म्हटलं. त्या बाहेर आल्या, त्याच्याकडे पाहिलं. "माह्यापाशी तीन खुर्च्या हायेत भाऊ. वीस पोरी कुठून आनू?" मशीन त्यांनी उतरवू दिलं नाही. म्हणाल्या, "मले मशीन नको. जिथं सांगितलं होतं तिथं जाऊन सांगा."

मी मोताळ्याला गेलो. दादासाहेब आता थकले आहेत, पण बैठक तशीच. हेडमास्तर निवृत्त झाले, समिती बदलली. कॉम्प्युटरच्या खोलीत तांदूळ आहे, मी खिडकीतून पोती पाहिली. दादासाहेबांना चाचणी आठवत नव्हती. सर्व्हर आठवत नव्हता. मी खुणा सांगत गेलो आणि अखेर त्यांना आठवलं. "हां हां, ते बाई. जिले मशिनीतलं काही समजत नव्हतं, तेच ना?"

मी म्हणालो, "तिले समजत होतं दादासाहेब. मलेच समजलं नाही. चूक माही होती." आणि झेंडूपासून सगळं सांगितलं.

दादासाहेबांनी माझा हात हातात घेतला. "लय मोठं मन हाये हो तुमचं. एवढा जुना कारागीर अन् एका बाईसाठी आपल्यावर घेऊन राह्यला. जाऊ द्या, चहा घ्या."

मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. माझं खोटं त्या गावात एका वाक्यात पटलं होतं, आणि खरं सांगायला गेलो तर लोक त्याला माझा चांगुलपणा म्हणत होते. परतीच्या बसमध्ये घाट चढेपर्यंत माझा जीव नुसता जळत होता. घरी आल्यावर मॅडमना फोन करून जसं झालं तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मंग लिहून टाका कुठी. माह्या नावासकट."

म्हणून हा लेख. मोताळ्यात हा अंक जातो, दुसरबीडलाही जातो. तर सगळ्यांच्या समोर लिहितो: त्या चाचणीत सुनंदा इंगळे यांचा हिशेब पूर्ण बरोबर होता. वीस मुलींसाठी आठवालाच योग्य होता, आणि तो स्वस्तही होता. मशीन तापत आहे हे त्यांनी ओळखलं, उघडून पाहा असं सांगितलं. मी उघडलं नाही. मी तेव्हा 'पाहण्यासारखं काही नाही' असं खोटं बोललो आणि नंतर गप्प बसलो. यात माझा मोठेपणा काहीही नाही, आणि कुणी तसं म्हणायला आलं तर त्याला मी चहा पाजणार नाही.

लेख छापायला देण्याआधी मॅडमना फोनवर पूर्ण वाचून दाखवला. त्यांनी मध्ये कुठेही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "एक शब्द काढा. तुम्ही चहाच्या वक्ताले 'बिचाऱ्या मॅडम' लिहिलं हाये."

"काऊन?"

"मी बरोबर होती भाऊ. बिचारी नव्हती."

तो शब्द काढला आहे.